लक्ष्मी रस्त्याची लक्ष्मी

स्मरणिका समितीने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा 'संस्थेच्या जुन्या आठवणी' असा विषय सुचवला होता. पण संस्थेची नोंदणी, पाण्याची टाकी, बोअर आणि लिफ्ट यांची हकिगत आपले माजी सचिव माझ्यापेक्षा चांगली लिहितील. लिफ्टबद्दल तर ते जरा जपूनही लिहितील. म्हणून मी आपण जिथून इथे आलो त्या भागाबद्दल लिहायचं ठरवलं. आपल्या मूळ सभासदांचे जुने पत्ते आठवून पाहा. सदाशिव, नारायण, शनिवार, शुक्रवार, कसबा. पंचवीस वर्षांपूर्वी आपण कोथरूडला राहायला आलो, पण त्याआधी बहुतेकांची घरं लक्ष्मी रस्त्यापासून पायी दहा-पंधरा मिनिटांच्या आत होती.

आज तिथले जुने दुकानदार भेटले की एकच वाक्य ऐकू येतं, "पहिल्यासारखं राहिलं नाही, साहेब." लक्ष्मी रस्ता ओस पडला असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. गणपती-दिवाळीला तिथे आजही पाय ठेवायला जागा नसते. पण सणांचे महिने वगळले तर गर्दी जास्त वाहनांची आणि कमी गिऱ्हाइकांची, अशी स्थिती आहे. हे कसं झालं आणि यातून मार्ग आहे का, हा या लेखाचा विषय. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. बँकेत नोकरी केली आणि त्यातली काही वर्षं याच भागातल्या शाखेत काढली, एवढीच माझी पात्रता.

बाजार कसा बसला

पुण्याच्या अनेक पेठा वारांच्या नावांनी वसल्या आणि प्रत्येक पेठेत धंद्यांच्या आळ्या बसल्या. कसब्यात तांबट आळी आणि बुरूड आळी, रविवारात बोहरी आळी आणि कापडगंज. बुधवारात पुढे पासोड्या विठोबाजवळ रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आली आणि तपकीर गल्लीत विजेचं सामान. आप्पा बळवंत चौकात पुस्तकं आणि वह्या. तुळशीबागेत पेशवाईतलं राममंदिर आणि त्याच्या भोवती भांडी, पूजेचं साहित्य, खेळणी, बांगड्या. एकाच वस्तूची दहा दुकानं शेजारी शेजारी असली की धंदा विभागला जातो असं बाहेरच्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात उलट होतं. गिऱ्हाईक निर्धास्त येतं, कारण इथे नाही मिळालं तर पलीकडे मिळणारच, याची त्याला खात्री असते.

भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरत असे. १८८५-८६ च्या सुमारास शुक्रवार पेठेत मंडईची इमारत उभी राहिली. मध्ये उंच मनोरा आणि त्यातून फुटलेल्या भुजा, अशी ती रचना आजही पाहण्यासारखी आहे. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. या इमारतीवर एवढा पैसा घालवण्याला महात्मा फुले यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. मंडईच्या कट्ट्यावर चालणाऱ्या राजकारणाच्या चर्चांना पुणेकर 'मंडई विद्यापीठ' म्हणत. पदवी मिळत नसे, पण प्राध्यापक भरपूर होते.

या सगळ्या आळ्यांना जोडणारा दोरा म्हणजे लक्ष्मी रस्ता. पूर्वेला क्वार्टर गेटपासून सोन्या मारुती चौक, सिटी पोस्ट, बेलबाग चौक, गणपती चौक, कुंटे चौक, उंबऱ्या गणपती अशी ठिकाणं घेत तो पश्चिमेला अलका टॉकीजच्या चौकात, म्हणजे टिळक चौकात येतो. जुन्या बोळांना रुंद करून, जागोजाग वाड्यांचे भाग पाडून हा रस्ता झाला. त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना वाडेच होते. खाली दुकान, वर बिऱ्हाडं, मागे चौक आणि विहीर. हुजूरपागेची मुलींची शाळा १८८४ पासून याच भागात आहे. शाळा सुटली की रस्ताभर रिबिनी दिसत, आणि त्या मुलींच्या आया वाटेत दोरे, बटणं, शाईची दौत घेत घरी जात.

हे तपशील देण्याचं कारण असं की या बाजाराचं भांडवल नुसतं दुकानदाराच्या तिजोरीत नव्हतं. दुकानाच्या वर राहणारी माणसं आणि दुकानासमोरून रोज पायी जाणारी माणसं, हे त्याचं खरं भांडवल होतं. ताळेबंदात ते कुठेच दिसत नाही.

काउंटरच्या अलीकडून

मी त्या भागातल्या शाखेत होतो तो काळ १९८० च्या दशकातला. संगणक यायचा होता. पितळी टोकन, जाड लेजर आणि शनिवारी अर्धा दिवस. कापड दुकानदारांना मालाच्या तारणावर कॅश क्रेडिट असे. दर महिन्याला त्यांनी मालाचं स्टेटमेंट द्यायचं आणि आम्ही अधूनमधून जाऊन गोदाम तपासायचं, अशी पद्धत. गोदाम म्हणजे वाड्याच्या माडीवरच्या दोन खोल्या. जिना इतका अरुंद की कठड्याऐवजी टांगलेला दोर धरून चढावं लागे. वर गेलं की एका खोलीत लुगड्यांचे गठ्ठे आणि शेजारच्या खोलीत कुणाचं तरी बिऱ्हाड. स्टॉक मोजून होईपर्यंत त्या बिऱ्हाडातून चहा येई. दुकान, गोदाम आणि संसार एकाच छपराखाली होते.

भरण्यावरून दुकान ओळखू यायचं. मंडईतल्या भाजीवाल्या मावशींचा भरणा चिल्लर आणि ओल्या नोटांचा. त्या नोटा आम्ही पंख्याखाली पसरत असू. तुळशीबागेतला भरणा एक-दोन-पाचच्या नोटांचा. सराफी दुकानाची रक्कम मोठी आणि माणसं दोन, एक पैसे धरायला आणि एक त्याच्यावर लक्ष ठेवायला. लग्नसराईत कापडवाल्यांचा भरणा दुपटीने वाढे. सातारा, नगर, सोलापूरकडची मंडळी एसटीने येऊन बस्ता बांधायला लक्ष्मी रस्त्यावर येत. गादीवर पांढऱ्याशुभ्र चादरी, समोर साड्यांचा ढीग आणि दहा-बारा माणसांचं कुटुंब. नवरीची साडी, मानापानाच्या साड्या, फेटे, धोतरं असा सगळा बस्ता एकाच दुकानात बांधला जाई. मध्ये चहा, कधी जेवणसुद्धा. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्यावरून आपल्या पुणेकरांवर विनोद होतात, पण लग्नसराईत बस्त्याचं गिऱ्हाईक गादीवर असताना फळ्या लावणारा दुकानदार मी तरी पाहिला नाही.

कर्ज देताना आम्ही ताळेबंद पाहत असू, हे खरं. पण त्याहून जास्त पाहत असू ते दुकानाचं ठिकाण आणि त्या माणसाची त्या आळीतली पत. आमचे एक वरिष्ठ म्हणायचे, "स्टेटमेंट घरी बसून लिहिता येतं, गिऱ्हाईक लिहिता येत नाही. दुपारी जाऊन अर्धा तास समोर उभे राहा." मी तसा अनेकदा उभा राहिलो आहे. कोण आत जातं आणि कोण नुसतं पाहून पुढे जातं हे मोजण्याची सवय मला तेव्हाच लागली.

गिऱ्हाईक कुठे गेलं

बाजार उतरणीला लागला की लोक एक गुन्हेगार शोधतात. कुणी मॉलला दोष देतं, कुणी मोबाईलवरच्या खरेदीला, कुणी सरकारला. मला हे एकाचं काम वाटत नाही. खात्यातली शिल्लक अनेक लहान चेकनी संपते, तसं हे झालं.

पहिला मोठा धक्का १२ जुलै १९६१ चा. पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. शेकडो वाडे पडले. पूरग्रस्तांच्या वसाहती आणि सहकारी गृहरचना संस्था शहराबाहेर उभ्या राहिल्या. सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर ही नावं त्या काळाशी जोडलेली आहेत. पेठेतल्या माणसाला 'सोसायटीत राहणं' ही गोष्ट माहीत झाली ती तेव्हापासून. आपली संस्था त्याच परंपरेतली, फक्त चाळीस वर्षं उशिराची.

दुसरं कारण संथ आणि म्हणून जास्त खोल गेलेलं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळालं आणि ते त्या काळी गरजेचंही होतं. पण महिन्याला वीस-पंचवीस रुपये भाडं येणाऱ्या वाड्याची कौलं मालक कशातून बदलणार? मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू जागा सोडीना आणि वाडा मात्र दर पावसाळ्यात थोडा थोडा खचत राहिला. १९९९ चा नवा कायदा आला तोवर अनेक वाड्यांची वेळ टळून गेली होती. पुन्हा बांधायचं म्हटलं तर जागा लहान, मालक-भाडेकरू मिळून दावेदार डझनभर आणि चारही बाजूंना सोडायला जागा नाही. शनिवारवाड्यासारख्या संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरच्या आत तर २०१० च्या केंद्रीय कायद्याने नव्या बांधकामाला बंदीच झाली. मग ज्यांना शक्य होतं ते निघाले. माडीवरच्या बिऱ्हाडांच्या जागी गोदामं, क्लास आणि कार्यालयं आली. रात्री नऊनंतर अनेक वाड्यांत दिवा लागेनासा झाला. वर राहणारं गिऱ्हाईक गेलं ते असं.

तिसरं कारण शहर पसरण्याचं. घाऊक भाजीबाजार मंडईतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. १९९७ साली आसपासची अनेक गावं महापालिकेत आली. कोथरूड, वारजे, कात्रज, हडपसर, वडगाव शेरी इथे राहणारा माणूस रोजच्या वस्तूंसाठी पेठेत येईनासा झाला, आणि यावं असं कारणही नव्हतं. प्रत्येक उपनगराला आपापली कापडाची, सोन्याची, मिठाईची दुकानं मिळाली. लक्ष्मी रस्त्यावरच्या नामवंत दुकानांनीच तिथे शाखा काढल्या. हे मला फार बोलकं वाटतं. गिऱ्हाईक येत नाही म्हटल्यावर दुकानच गिऱ्हाइकाच्या दारी गेलं.

बाकीच्या गोष्टी आपल्या डोळ्यांसमोरच्या आहेत. २०११ मध्ये नगर रस्त्यावर फिनिक्स आणि हडपसरला अमनोरा असे दोन प्रचंड मॉल सुरू झाले. २०१३ साली जकात जाऊन एलबीटी आला, त्याविरुद्ध व्यापाऱ्यांनी दीर्घ बंद पाळला, आणि २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता तो करही गेला. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी आली, तीही ऐन लग्नसराईच्या तोंडावर. जुलै २०१७ मध्ये जीएसटी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी. टाळेबंदीत घरात बसून मोबाईलवर साडी मागवायला लोक शिकले आणि ती सवय राहिली. शिवाय दुकानदाराची पुढची पिढी शिकून आयटीत, परदेशात गेली. चाळीस वर्षं गादीवर बसलेले माझे एक परिचित म्हणाले, "मुलाला म्हटलं, दुकान बघ. तो म्हणाला, बाबा, दुकान मी बघीन, पण दुकानाकडे कोण बघतंय?" चिरंजीव विनोदी आहेत, पण प्रश्न बरोबर आहे.

पार्किंगचं गणित

यावर दुकानदारांचा एकमुखी उपाय म्हणजे पार्किंग. गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही, तेव्हा जागा करा. हे म्हणणं चूक नाही, पण अपुरं आहे.

मंडईजवळ आर्यन नावाचं चित्रपटगृह होतं. १९१५ साली सुरू झालेलं, पुण्यातलं पहिलं कायमचं चित्रपटगृह. ते १९८३ मध्ये बंद झालं आणि त्या जागी आता वाहनतळ आहे. जवळच्या मिनर्व्हाच्या जागीही वाहनतळच झाला. म्हणजे लोक ज्यासाठी येत होते ते गेलं आणि लोकांच्या गाड्या लावायची सोय झाली. पार्किंग वाढलं, पण तिथे उतरून जायचं कुठे?

आता साधा हिशोब. एक चारचाकी उभी करायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. ती गाडी दोन तास तिथे उभी राहते आणि तिच्यातून बहुधा दोन माणसं उतरतात. तेवढ्याच जागेवर पदपथ असेल तर दोन तासांत तिथून शेकडो माणसं जातात. त्यातल्या प्रत्येकाची नजर काचेतल्या साडीवर किंवा पेढ्यांच्या ताटावर पडू शकते. गाडी चालवणाऱ्याची नजर पुढच्या रिक्षावर असते. त्याने काचेकडे पाहूही नये.

रस्ता एकमार्गी केला, सम-विषम तारखांचं पार्किंग केलं, तरी वाहनांची संख्या वाढतच राहिली. २०२१ मध्ये पीएमपीने पेठांमधून लहान बसगाड्या सुरू केल्या, दहा रुपयांत दिवसभर प्रवास. कल्पना उत्तम होती. पण बससुद्धा त्याच कोंडीत अडकते, तेव्हा घाईतला माणूस पुन्हा दुचाकी काढतो.

पायी चालणाऱ्यांचा रस्ता

लक्ष्मी रस्ता वर्षातून दोनदा पूर्णपणे माणसांचा होतो. आषाढवारीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या याच रस्त्याने नाना पेठ-भवानी पेठेकडे जातात. अनंत चतुर्दशीला मानाच्या गणपतींची मिरवणूक मंडईतून निघून याच रस्त्याने टिळक चौकाकडे येते. त्या दिवशी रस्ता अरुंद आहे अशी तक्रार कुणी करत नाही. लाखो माणसं त्यावर मावतात, कारण ती चालत असतात.

११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने 'पादचारी दिन' म्हणून याच रस्त्याचा उंबऱ्या गणपती चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंतचा भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवला. पुढच्या वर्षांतही हा दिवस साजरा झाला. रस्त्यावर मुलांचे खेळ, बसायला बाकं, गाणी. मी गेलो होतो. गुडघेदुखीमुळे जे एरवी तिथे जायचं टाळतात असे माझ्या वयाचे बरेच लोक दिसले. मधोमध उभं राहून वरच्या जुन्या लाकडी सज्जांकडे बघता आलं. एरवी हे केलं तर इस्पितळात जावं लागेल.

दुसरी आणि मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे मेट्रो. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला. कसबा पेठ आणि मंडई ही दोन स्थानकं थेट जुन्या बाजाराच्या खाली आली. आपल्या संस्थेतून वनाझ किंवा आनंदनगर स्थानकावर जायचं, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची, पुढे कसबा पेठ आणि मग मंडई. सरकता जिना चढून वर आलं की समोर मंडई, तुळशीबाग हाकेच्या अंतरावर. गाडी कुठे लावायची हा प्रश्नच नाही. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या काही वहिनींनी आता हा नियम केला आहे. मंगळवारी दगडूशेठ गणपती, मग तुळशीबाग, मग मिसळ, आणि दुपारच्या झोपेच्या आत घरी. पंचवीस वर्षांपूर्वी गेलेलं गिऱ्हाईक जमिनीखालून परत येतंय असं मला वाटतं.

मात्र मेट्रो गिऱ्हाइकाला स्थानकापर्यंत आणते. तिथून दुकानापर्यंत त्याला चालावंच लागतं. ते चालणं जर पदपथावरच्या गाड्या, उखडलेल्या फरश्या आणि हॉर्न यांच्यातून असेल तर तो दुसऱ्यांदा येणार नाही. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद केले तेव्हा आधी पुष्कळ टीका झाली. आज संध्याकाळी तिथे बसायला बाक रिकामा सापडत नाही. आपल्यापैकी जे गंगटोकच्या सहलीला होते त्यांना तिथला महात्मा गांधी मार्ग आठवेल. एकही वाहन नाही, मध्ये झाडं आणि बाकं, दोन्ही बाजूंना दुकानं. आपल्या गटाने तिथे किती शाली आणि चहाची पाकिटं घेतली याचा हिशोब प्रत्येकाच्या घरी असेलच.

पण हे आपोआप होत नाही. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सव्वा किलोमीटरहून अधिक लांबीचा रस्ता नव्याने बांधून २०२१ मध्ये खुला झाला. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी. दगडी फरसबंदी झाली, रस्ता देखणा झाला. पण बंदी पाळली जावी यासाठी रोज पहारा लागतो आणि तो ढिला पडला की गाड्या पुन्हा घुसतात. बांधकामाचा खर्च एकदा होतो, शिस्तीचा रोज.

दुकानदारांच्या काही शंका खऱ्या आहेत. सोन्याच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक दागिने घेऊन लांबवर चालायला तयार होईल का? माल उतरवायचा केव्हा? म्हातारी माणसं, गरोदर बायका कशा येणार? याची उत्तरं आहेत. माल पहाटे उतरवता येतो, बॅटरीवरच्या छोट्या गाड्या चालवता येतात, रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचा मार्ग मोकळा ठेवता येतो. पण ही उत्तरं दुकानदारांबरोबर बसून ठरवायला हवीत, त्यांच्यावर लादून नव्हे.

दुसरी शंका पथारीवाल्यांची. रस्ता सुधारला की आधी त्यांनाच हलवतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांची नोंद करून जागा नेमून देणं महापालिकेला बंधनकारक आहे. तुळशीबागेत पिना, रांगोळीचे छाप आणि चाळण्या विकणारी बाई हटवली, तर तिथे येण्याचं निम्मं कारण हटेल. साडी वर्षातून दोनदा घेतली जाते, चाळणीच्या निमित्ताने महिन्यातून एकदा जाणं होतं.

तिसरी शंका मला स्वतःला वाटते. रस्ता चांगला झाला की जागेचा भाव वाढेल, जुने दुकानदार गाळे विकतील आणि सगळीकडे त्याच त्या मोठ्या कंपन्यांची दुकानं होतील. मग मॉलमध्ये आणि लक्ष्मी रस्त्यात फरक काय राहिला? म्हणून पदपथाइतकंच महत्त्वाचं आहे वाड्यांच्या पुनर्बांधणीचं. चार-पाच लहान जागा एकत्र करून, खाली जुन्या दुकानदाराला गाळा आणि वर राहायला घरं, अशी बांधणी झाली तर माडीवर पुन्हा दिवे लागतील. नुसती कार्यालयं आणि गोदामं बांधली तर रस्ता रात्री पुन्हा रिकामाच. पंचवीस-तीस वर्षांचे तरुण, मेट्रोने कामाला जाणारे, पेठेत राहायला येतील अशी घरं तिथे हवीत. आपण तिथून निघालो ते घर गळत होतं म्हणून. गळकं नसतं तर कितीजण निघाले असते?

आपल्या दारातला बाजार

वाचकांपैकी कुणी म्हणेल, "काका, हे सगळं ठीक, पण आपला याच्याशी काय संबंध? आपण आता कोथरूडकर." संबंध आहे, आणि तो आपल्या फाटकापाशीच आहे.

आपल्या संस्थेच्या रस्त्याकडच्या बाजूला सहा गाळे आहेत. किराणा, औषधं, इस्त्री, झेरॉक्स आणि दोन बंद. इस्त्रीवाला भाऊ पंचवीस वर्षं आपले कपडे करतो आहे. किराणावाल्याकडे अजून वही आहे, आणि टाळेबंदीत ज्येष्ठांच्या दारात दूध-भाजी त्यानेच पोचवली. या गाळ्यांकडे जाणारं लहान फाटक सुरक्षेच्या कारणाने कायमचं बंद करावं आणि समोरच्या मोकळ्या जागेत आणखी चार गाड्या लावाव्यात, असा प्रस्ताव सध्या चर्चेत आहे. प्रस्ताव मांडणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. चोऱ्यांची काळजी खरी आहे आणि गाड्यांची अडचणही खरी आहे.

पण लक्ष्मी रस्त्याचं जे झालं तेच इथे सहा गाळ्यांपुरतं होईल. फाटक बंद झालं की किराणावाल्याकडे जायला मुख्य फाटकातून वळसा पडेल. सत्तरीतल्या माणसाला तो वळसा नको वाटेल, तो नातवाला सांगून मोबाईलवर मागवेल. तरुण मंडळी तर मागवतातच. वर्षभरात तिसरा गाळा बंद होईल, मग चौथा. बंद शटरसमोर संध्याकाळी अंधार असतो आणि त्या अंधारात आपली सुरक्षा वाढत नाही, कमी होते. आज त्या बाजूला रात्री साडेनऊपर्यंत जे लक्ष असतं ते इस्त्रीवाल्याचं आणि औषधवाल्याचं असतं. त्याचा पगार संस्था देत नाही.

माझी सूचना साधी आहे. लहान फाटक सकाळी सात ते रात्री साडेनऊ उघडं ठेवावं, तिथे एक कॅमेरा आणि चांगला दिवा लावावा, आणि चार गाड्यांऐवजी त्या जागेत दोन बाकं टाकावीत. दोन बंद गाळ्यांसाठी भाडं जरा कमी करून एखादी पोळी-भाजीची बाई किंवा सायकल दुरुस्तीवाला शोधावा. खर्चाचा अंदाज मी काढून खजिनदारांकडे दिला आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय येणार आहे, तेव्हा हात वर करण्याआधी एका संध्याकाळी त्या फाटकापाशी अर्धा तास उभे राहा आणि किती माणसं ये-जा करतात ते मोजा. मी मोजली आहेत, पण माझा आकडा मी सभेतच सांगेन. आधी तुमचा येऊ द्या.